फ्रंटियर काळातली काडतुसांची खोकी: पारख, खरेदी आणि जतन

१८६० पासून १८९० पर्यंत अमेरिकेच्या पश्चिम भागात जी काडतुसं गेली, ती बहुतेक साध्या पुठ्ठ्याच्या दोन-तुकडी खोक्यांतून गेली. गिऱ्हाईक काडतुसं पट्ट्यात भरायचा आणि खोकं फेकून द्यायचा. बंदूक जपायची वस्तू होती, खोकं नव्हतं. त्यामुळे त्या काळची विंचेस्टर रायफल आजही बाजारात दिसते, पण त्याच रायफलीच्या काडतुसांचं, लेबल शाबूत असलेलं, १८७० च्या दशकातलं खोकं मिळायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते.

फ्रंटियर म्हणजे गोऱ्या वस्तीची पश्चिमेकडे सरकत जाणारी हद्द. १८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकन सरकारनं ‘आता फ्रंटियरची सलग रेषा उरलेली नाही’ असं जाहीर केलं. संग्राहक मात्र हद्द थोडी पुढे, १९०० च्या आसपासपर्यंत धरतात, कारण त्याच कंपन्या तीच काडतुसं जवळपास त्याच खोक्यांत पुढेही विकत होत्या. पैसे बुडतात ते नेमके इथेच. १९१५ चं खोकं ‘वाइल्ड वेस्ट’ म्हणून विकलं जातं, आणि ते रंगानं, आकारानं, जीर्णपणानं अगदी जुनं वाटतं. त्याचं वय सांगतो तो लेबलवरचा मजकूर आणि पुठ्ठ्याची बांधणी. विक्रेत्याची कहाणी ऐकावी, पण पैसे मोजावेत ते खोकं जे सांगतं त्यावर.

कंपन्या आणि नग

सुरुवातीला पाचच नावं नीट ओळखता आली तरी पुष्कळ झालं. न्यू हेवनची विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनी, १८६६ पासून या नावानं. ब्रिजपोर्टची युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनी, म्हणजे यूएमसी, मार्सेलस हार्टली यांनी १८६७ मध्ये उभी केलेली. लोवेल, मॅसॅच्युसेट्सची युनायटेड स्टेट्स कार्ट्रिज कंपनी, १८६९ ची, बेंजामिन बटलर यांची. ओहायोतल्या किंग्ज मिल्सची पीटर्स, १८८७ ची. आणि लष्करासाठी फिलाडेल्फियाचं फ्रँकफर्ड आर्सेनल. याशिवाय सी. डी. लीट, क्रिटेंडन अँड टिबल्स, फीनिक्स अशा लहान कारखान्यांची खोकी अतिशय दुर्मिळ आहेत. किंमतही तशीच असते, म्हणून नव्या माणसानं तिकडे वळू नये.

एका खोक्यात किती काडतुसं, हे लक्षात ठेवावंच. पिस्तुलाची आणि .४४-४० सारखी छोटी रायफल-काडतुसं सहसा ५० च्या खोक्यात येत (पहिला आकडा कॅलिबर, म्हणजे साधारण गोळीचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत; दुसरा बंदुकीच्या दारूचं वजन, ग्रेन या छोट्या मापात). .४५-७० आणि त्याहून मोठी २० च्या. फ्रँकफर्ड आर्सेनलची .४५ रिव्हॉल्व्हरची खोकी १२ काडतुसांची असत. लेबल म्हणतंय ५० आणि आतली जागा ४० ची, असं दिसलं तर झाकण आणि तळ वेगवेगळ्या खोक्यांचे आहेत हे गृहीत धरा.

संग्रहाला एक विषय असावा. .४४-४० हे एकच कॅलिबर घेतलं तरी आयुष्यभर पुरेल. १८७३ च्या विंचेस्टर रायफलीबरोबर ते आलं, काही वर्षांनी कोल्टनं त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं, आणि मग सगळ्याच कंपन्या ते बनवू लागल्या. विंचेस्टर त्याला ‘.४४ डब्ल्यू.सी.एफ.’ (विंचेस्टर सेंटर फायर) म्हणायची. इतर कंपन्यांना प्रतिस्पर्ध्याचं नाव लेबलवर नको होतं, म्हणून ४४ कॅलिबर आणि ४० ग्रेन दारू असं आकड्यांचं नाव रूढ झालं. कोल्टच्या १८८४ च्या लाइटनिंग रायफलीसाठी यूएमसीनं काढलेल्या काडतुसांवर ‘सी.एल.एम.आर.’ (कोल्ट लाइटनिंग मॅगझिन रायफल) ही अक्षरं असतात. काडतूस जवळपास एकच, पण लेबलं कितीतरी. सुरुवातीच्या सरावासाठी .२२ किंवा .३२ रिमफायरची (ज्यांत प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारं स्फोटक, बुडाच्या कडेत असतं) १८९० च्या आसपासची रिकामी खोकी घ्यावीत. ती तुलनेनं मिळतात, आणि चूक झाली तरी ती परवडते.

लेबल वाचायचं कसं

पहिला नियम: खोकं त्याच्यावर उल्लेख असलेल्या सर्वांत नव्या गोष्टीपेक्षा जुनं असू शकत नाही. त्या काळची लेबलं ही काडतुसं कोणत्या बंदुकांना चालतात ते सांगतात. लेबलवर ‘मॉडेल १८७३’ एवढंच असेल तर खोकं १८७० च्या दशकातलं असू शकतं. पण त्याच ओळीत ‘मॉडेल १८९२’ आलं की ते १८९२ च्या आधीचं नाही. .३० डब्ल्यू.सी.एफ. म्हणजे .३०-३० हे काडतूसच १८९५ चं, तेव्हा ‘१८८० चं .३०-३० खोकं’ ही वस्तू अस्तित्वातच असू शकत नाही.

दुसरं, पेटंटची तारीख ही उत्पादनाची तारीख नव्हे. पेटंट १८७० च्या दशकातलं असलं तरी ते छापलेलं लेबल पुढे कित्येक वर्षं वापरलं जाई. विक्रेते हीच तारीख बोटानं दाखवतात. ती फक्त ‘याआधीचं नाही’ एवढंच सांगते.

तिसरं, दारूचा उल्लेख. इथे अनेकांचा तर्क उलटा चालतो. ‘ब्लॅक पावडर’ असं ठळक छापलेलं पाहून खोकं फार जुनं आहे असं वाटतं. पण १८९० च्या दशकात धूरविरहित दारू येईपर्यंत सगळीच काडतुसं काळ्या दारूची होती, तेव्हा तसं मुद्दाम लिहायचं कारणच नव्हतं. म्हणून असा ठळक उल्लेख बहुधा उत्तरकाळाकडे बोट दाखवतो. खरी जुनी लेबलं ‘४० ग्रेन पावडर, २०० ग्रेन बुलेट’ एवढंच सांगून थांबतात. ‘सॉलिड हेड’ हे शब्द दिसले तर तो त्या वेळचा विक्रीचा मुद्दा होता. आधीची पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरणारी धातूची नळी, पातळ पत्रा दुमडून केलेल्या बुडाची असे, भरीव बुडाची मजबूत पुंगळी आली तेव्हा कंपन्यांनी ते लेबलवर अभिमानानं छापलं.

चौथं, कंपनीचं नाव नेमकं कसं लिहिलंय ते. यूएमसी आणि रेमिंग्टन १९१२ च्या सुमारास एक झाल्या, तेव्हा ‘रेमिंग्टन-यूएमसी’ ही जोडी असलेलं कोणतंही खोकं फ्रंटियरचं नाही. ‘वेस्टर्न’ हे नाव १८९८ मध्ये सुरू झालेल्या ईस्ट ऑल्टनच्या कंपनीचं आहे, पश्चिमेशी त्याचा फक्त शब्दापुरता संबंध. त्या कंपनीनं १९३१ मध्ये विंचेस्टर घेतली, म्हणून दोन्ही नावं एकत्र दिसली तर खोकं त्यानंतरचं. ‘रेग. यू.एस. पॅट. ऑफ.’ (अमेरिकन पेटंट कार्यालयात नोंदलेलं) ही ओळ सहसा १९०५ च्या ट्रेडमार्क कायद्यानंतरची. ‘क्लीनबोअर’ आणि ‘स्टेनलेस’ ही न गंजवणाऱ्या प्रायमरची नावं १९२० च्या दशकातली. ‘मुलांपासून दूर ठेवा’ ही सूचना १९६० नंतरची.

लष्करी खोक्यांवर बहुतेकदा महिना-वर्ष असतं, त्यामुळे त्यांचं काम सोपं वाटतं. पण तिथे लेबल आणि आतलं काडतूस एकमेकांना दुजोरा देतायत का ते पाहावं लागतं. .४५-७० ची १८७३ पासूनची सुरुवातीची सरकारी काडतुसं तांब्याच्या पुंगळीची आणि आतून प्रायमर बसवलेली होती. बूड कोरं असतं, रिमफायरसारखं दिसतं, आणि बुडाच्या किंचित वर पुंगळीला दोन खोबणी दाबलेल्या असतात. १८७७ पासून बुडावर शिक्का आला: रायफलसाठी आर, कार्बाइनसाठी (घोडदळाची आखूड रायफल) सी, फ्रँकफर्डसाठी एफ, आणि महिना-वर्षाचे आकडे. कार्बाइनच्या काडतुसात दारू ५५ ग्रेन, रायफलच्या ७० ग्रेन, गोळी दोन्हींत ४०५ ग्रेनची. बाहेरून बदलता येणारा प्रायमर १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. म्हणजे १८७५ ची तारीख असलेल्या खोक्यात बुडाच्या मध्यभागी गोल प्रायमर आणि शिक्का असलेलं काडतूस निघालं, तर ते खोकं नंतर भरलेलं आहे.

व्यापारी काडतुसांचे शिक्के: रिमफायरवर विंचेस्टरचा ‘एच’ (हेन्री रायफलीचे जनक टायलर हेन्री यांच्या नावाचा), यूएमसीचा ‘यू’, यूएस कार्ट्रिजचा ‘यूएस’, पीटर्सचा ‘पी’. सेंटरफायरवर (प्रायमर बुडाच्या मध्यभागी असलेल्या काडतुसांवर) ‘डब्ल्यू.आर.ए. को.’ आणि ‘यू.एम.सी.’. सुरुवातीच्या सेंटरफायरची बुडं कोरीच होती, त्यामुळे शिक्का नसणं हा दोष नाही. ‘रेम-यूएमसी’ किंवा ‘डब्ल्यू-डब्ल्यू’ दिसलं की भरती नवी.

खोकं हातात घेतल्यावर

सोबत हवं ते एवढंच: १० पट मोठं दाखवणारं भिंग, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, साधी पांढरी टॉर्च, २ किलोपर्यंत एक ग्रॅमच्या अचूकतेनं तोलणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर, नायट्राइलचे हातमोजे. कापडी हातमोज्यांचे धागे लेबलाच्या सुटलेल्या कडेत अडकतात, ते नकोत.

भरलेलं खोकं दोन्ही हातांनी, तळाखाली तळवा ठेवून उचलावं. .४५-७० च्या २० काडतुसांचं वजन साधारण ८०० ते ९०० ग्रॅम भरतं, .४४-४० च्या ५० चं एक किलोच्या वर. शतकभर वाळलेल्या पुठ्ठ्याचे कोपरे एवढं वजन पेलत नाहीत. झाकण धरून उचललं की तळ खाली, काडतुसं जमिनीवर, आणि कोपरे फाटलेले. खोक्यांची सर्वांत जास्त हानी अशीच होते.

टेबलावर मऊ कापड पसरून सहाही बाजू पाहा. मग टॉर्च जवळजवळ आडवी धरून प्रकाश लेबलावरून घासत जाऊ द्या. जुनी छपाई शिशाच्या खिळ्यांची किंवा ठशांची आहे. अक्षरं कागदात किंचित दबलेली असतात आणि कडेला शाई थोडी जास्त साचलेली दिसते. आडव्या प्रकाशात हा दाब उठून दिसतो. नंतर भिंग लावा. रंग वेगवेगळ्या बारीक ठिपक्यांनी बनलेला दिसला तर ती आधुनिक छपाई. काळी अक्षरं कागदाच्या वर चकचकीत थर बनून बसली असतील तर ती फोटोकॉपी किंवा लेझर प्रिंटरची.

अतिनील टॉर्च अंधारात वापरा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदांत पांढरेपणासाठी घातलेली रसायनं निळसर-पांढरी झळकतात. १८८० चा कागद मंद, तपकिरी किंवा पिवळसरच राहतो. मात्र कागद झळकला नाही म्हणजे खोकं खरं, असा निष्कर्ष काढू नये. जुन्या वह्या-पुस्तकांतली कोरी पानं काढून त्यावर छापणारे असतात. उलट एखादाच डाग झळकला तर तो नंतर लावलेला गोंद असू शकतो, म्हणजे दुरुस्ती. खोकं खरं असेल, पण किंमत कमी करून मागता येते.

आता झाकण आणि तळ. काही खोक्यांत झाकण तळाला पूर्ण झाकतं, काहींत दोन्ही अर्ध्या उंचीवर भेटतात. दोन्ही प्रकारांत आतल्या पुठ्ठ्याचा रंग आणि पोत झाकणात व तळात सारखा हवा. झाकणानं झाकलेला तळाचा भाग उजळ, उघडा भाग मळलेला, आणि दोहोंच्या मधली रेषा झाकणाच्या कडेशी तंतोतंत जुळणारी हवी. रेषा दोन मिलिमीटर वरखाली असेल तर झाकण दुसरीकडचं आहे. बाजूला चिकटवलेलं लेबल जिथे झाकण आणि तळ दोन्हींवर पसरलेलं असेल, तिथे कापलेल्या कडेची दोन्ही टोकं एकमेकांत बसतात का ते भिंगातून पाहा.

न उघडलेलं खोकं

ज्याचं कागदी सील अजून तुटलेलं नाही असं खोकं म्हणजे या छंदातली सर्वांत मोठी किंमत, म्हणून सर्वांत जास्त लबाडीही तिथेच. ते कधीही उघडून पाहू नये; उघडलं की किमतीचा मोठा भाग गेला. खात्री वजनानं करायची, आणि त्यासाठी लागणारे आकडे लेबलवरच असतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. .४४-४० चं उदाहरण घ्या: २०० ग्रेनची गोळी १३ ग्रॅम, ४० ग्रेन दारू २.६ ग्रॅम, पुंगळी आणि प्रायमर मिळून साधारण ६ ते ७ ग्रॅम. एक काडतूस २२ ग्रॅमच्या आसपास, ५० चे ११०० ग्रॅम, वर पुठ्ठा. काटा ९०० दाखवत असेल तर आत काहीतरी वेगळं आहे किंवा काहीतरी कमी आहे. त्याच कॅलिबरचं एक सुटं जुनं काडतूस तोलून पन्नासानं गुणलं तर हिशेब आणखी पक्का होतो.

सीलच्या कागदाचं वयही लेबलाच्या वयाशी जुळायला हवं. सील जास्त स्वच्छ, लेबल मळकट, असं असेल तर सील नंतरचं. सीलची घडी ज्या कडेवरून जाते तिथे कागद झिजून पांढरा पडलेला असणं स्वाभाविक आहे. तिथे तो कोरा करकरीत असेल तर थांबावं.

‘म्हातारं’ केलेलं खोकं ओळखायला नाक आणि डोळे पुरतात. चहा-कॉफीत बुडवलेल्या कागदाचा रंग सगळीकडे एकसारखा असतो, झाकणाच्या आत आणि लेबलाखालीसुद्धा. खरा जुनेपणा असमान असतो: जिथे बोटं लागली तिथे काळवंडलेला, जिथे शिसं टेकलं तिथे करड्या गोल खुणा, जिथे प्रकाश पोचला नाही तिथे मूळ रंग. भरलेल्या खोक्याच्या आतल्या तळावर काडतुसांच्या बुडांचे किंवा गोळ्यांचे वर्तुळाकार ठसे उमटलेले असतात. त्या ठशांचा व्यास कॅलिपरनं मोजावा. .४४ च्या खोक्यात .३८ चे ठसे असतील तर खोक्याचं आयुष्य लेबलानं सांगितलेलं नाही.

एक गोष्ट सरळ सांगायला हवी. नव्यानं छापलेली सगळी खोकी फसवणुकीसाठी नसतात. १९८० च्या दशकात काउबॉय पोशाखातली नेमबाजी खेळ म्हणून सुरू झाली, तेव्हापासून खेळाडूंसाठी जुन्या नमुन्याची खोकी उघडपणे छापली आणि विकली जातात. ती सुंदरही असतात. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेल्यावर होते, जेव्हा ‘नक्कल’ हा शब्द गळून पडतो.

कहाण्या आणि लढायांची नावं

‘लिटल बिगहॉर्नचं खोकं’, ‘अमुक डाकूच्या घरातलं’ अशा कहाण्यांना कागदोपत्री साखळी नसेल तर त्यांची किंमत शून्य धरा. जून १८७६ मध्ये लाकोटा-शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या घोडदळाचा पराभव केला त्या लिटल बिगहॉर्नच्या मैदानावर १९८३ च्या आगीनंतर पुरातत्त्वीय शोध झाला आणि पुंगळ्यांवरून कोण कुठून कुठे सरकलं याचा नकाशा उभा राहिला. जमिनीत पुंगळ्या होत्या त्या जागी राहिल्या होत्या म्हणूनच हे शक्य झालं. संघराज्याच्या जमिनीवरून अशी वस्तू उचलणं १९७९ च्या पुरातत्त्व संपत्ती संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तशी वस्तू कुणी विकत असेल तर तिला हातही लावू नये.

लाकडी पेट्या

पुठ्ठ्याची खोकी ज्या लाकडी पेटीतून जात, त्या पेट्याही लोक गोळा करतात, आणि नकली माल त्यांच्यातच सर्वांत जास्त आहे, कारण सजावटीसाठी त्या ढिगानं बनवल्या गेल्या. फ्रँकफर्डची .४५-७० ची पेटी १००० काडतुसांची, म्हणजे २० ची ५० खोकी, नुसत्या काडतुसांचंच वजन ४० किलोच्या वर. फळ्या आणि सांधे तेवढं पेलतील असे हवेत. सजावटीची पेटी हातात घेतली की हलकी लागते.

खिळे पाहा. पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे १८९० च्या आसपासपर्यंत सर्रास होते, नंतर तारेचे गोल खिळे आले. अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकातले. खिळ्याभोवती लाकडावर गंजाचा काळा डाग उतरलेला हवा. बाजूवरची अक्षरं ठशानं दाबलेली किंवा डागलेली असतील तर ती लाकडाच्या रेषांत खोल जातात. पेटीच्या आत आणि तळाखाली लाकूड वयानं करडं झालेलं हवं. बाहेर काळी आणि आत पिवळीधमक पेटी सोडून द्यावी.

खरेदी

सेंट लुईसमध्ये दर वर्षी वसंतात आंतरराष्ट्रीय काडतूस प्रदर्शन भरतं. तिथे फक्त काडतुसं आणि खोकी असतात, आणि टेबलामागची माणसं हातात नग देऊन फरक समजावतात. ओक्लाहोमातल्या टल्साच्या मोठ्या शस्त्र-मेळ्यात पसारा जास्त, पारख स्वतःची हवी. इंटरनॅशनल अ‍ॅम्युनिशन असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं तर तिच्या नियतकालिकात खोक्यांवर तपशीलवार लेख मिळतात. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमध्ये बंदुकांचं संग्रहालय आहे. अस्सल नग आधी तिथे निवांत पाहिले की डोळा तयार होतो. लिलावगृहांच्या जुन्या विक्रीच्या किमती त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. बोली लावण्याआधी त्याच कॅलिबरच्या, त्याच अवस्थेच्या नगाला प्रत्यक्षात काय मिळालं ते पाहा, विक्रेता काय मागतो ते नाही.

दुरून घेताना हे मागा: सहा बाजूंचे फोटो, झाकणाच्या आतला, तळाच्या आतला, एक फोटो आडव्या प्रकाशात, एका काडतुसाचं बूड, आणि ग्रॅममध्ये वजन. कोपरे चिकटवलेत का, लेबलाला रंग भरलाय का, झाकण-तळ मूळ जोडीचे आहेत का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरं जपून ठेवावीत. किंमत ठरवताना लेबलाला सर्वांत जास्त वजन द्यावं, मग बांधणीला, मग सीलला, आणि शेवटी आतल्या काडतुसांना. कोपरे फाटलेलं पण लेबल पूर्ण असलेलं खोकं घ्यावं. कोपरे ठणठणीत आणि अर्धं लेबल गेलेलं खोकं फक्त फार दुर्मिळ असेल तरच.

जिवंत काडतुसं आणि कायदा

काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनंतरही पेटते. जुन्या प्रायमरांत पाऱ्याचं फल्मिनेट असू शकतं. ही काडतुसं झाडू नयेत, उघडू नयेत, घासून चमकवू नयेत. गोळीवर दिसणारी पांढरी भुकटी हे शिशाचं क्षारण आहे आणि ती विषारी आहे. तिच्यावर फुंकर मारू नये, हातमोजे घालावेत, नंतर हात साबणानं धुवावेत, आणि मुलांना त्यापासून लांब ठेवावं. हवाबंद लोखंडी डब्यात ती भरू नयेत. आग लागली तर कोंडलेला दाब डबाच फोडतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी एक मुद्दा नीट समजून घ्यावा. एच-१बी, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला तिथला संघराज्याचा कायदा बंदुकीबरोबर काडतुसंही बाळगायला मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. काडतुसाच्या व्याख्येत पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू वेगवेगळी सुद्धा येतात. अशा व्हिसावर असाल तर फक्त रिकामी खोकी गोळा करा, किंवा आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकाला ही विशिष्ट मनाई लागू नाही, पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांचे विक्रीवरचे स्वतंत्र नियम लागू होतात. अमेरिकेची सरकारी टपालसेवा काडतुसं स्वीकारत नाही. खासगी वाहतूक कंपन्यांचे आपापले नियम आहेत, ते पाठवण्याआधी विचारावेत.

भारतात आणायचं असेल तर फक्त रिकामं पुठ्ठ्याचं खोकं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात परवान्याशिवाय काडतूस बाळगणं गुन्हा आहे, आणि काडतुसाचे भागही त्या व्याख्येत मोडतात, तेव्हा ‘रिकामी पुंगळीच तर आहे’ हा बचाव धरून बसू नये. विमानतळावर सामानात एक काडतूस सापडलं तरी पोलीस ठाणं ठरलेलं असतं. खोकं आणताना आतले कोपरे मऊ ब्रशनं साफ करावेत, कारण तिथे दारूचे कण किंवा सुटा प्रायमर राहिलेला असू शकतो.

जतन

पुठ्ठ्याला ४० ते ५० टक्के आर्द्रता आणि १८ ते २० अंश तापमान मानवतं, पण आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. आर्द्रता वरखाली झाली की लेबल आणि पुठ्ठा वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि लेबल कडेनं सुटतं. खोक्यांवर सूर्यप्रकाश पडू देऊ नये. कोकणात किंवा मुंबईत रिकामी खोकी ठेवायची तर झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक हवाच. तिथे दुसरा शत्रू कसर. लेबलाखालची खळ पिठाची असते आणि कसरीला ती आवडते; लेबलाच्या कडेला बारीक खरवडल्यासारखी झीज दिसली तर ती तिचीच.

प्रत्येक खोकं पॉलिएस्टरच्या पारदर्शक आवरणात ठेवावं. पीव्हीसीचं आवरण नको, ते कालांतरानं चिकट होतं आणि शाई उचलतं. रिकाम्या खोक्यात पॉलिइथिलीन फोमचा तुकडा आतल्या मापापेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान कापून ठेवला की कोपरे आत दबत नाहीत. घट्ट बसवला तर तोच तुकडा कोपरे फाडतो.

भरलेली खोकी ओकच्या कपाटात ठेवू नयेत. ओकमधून, आणि काही प्लायवुड-एमडीएफमधूनही, अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सुटते आणि शिशाच्या गोळ्या पांढऱ्या पडून फुगतात. फुगलेली गोळी पुंगळीचं तोंड आणि मग खोकं फाडते. रंग दिलेला पोलादी रॅक चांगला. पितळेचा वैरी अमोनिया. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि त्यांना तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पुंगळीत राहिलेला ताण यांचा तो परिणाम होता, हे १९२१ मध्ये उलगडलं. घरात याचा अर्थ एवढाच की काच पुसायचे अमोनियायुक्त फवारे या कपाटाजवळ वापरायचे नाहीत.

सेलोटेप कधीही लावू नये. तिचा गोंद पुठ्ठ्यात उतरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. आधीच लावलेली टेप ओढून काढू नये, ती लेबल घेऊनच निघते. सुटलेली लेबलाची कड बसवायची तर मिथाइल सेल्युलोजचा दाट लेप बारीक ब्रशनं, वर सिलिकॉनचा न चिकटणारा कागद, आणि हलकं वजन रात्रभर. फाटलेला कोपरा आतून जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या खळीनं सांधता येतो. बाहेरून काही करू नये, आणि किमती नग कागद-संवर्धकाकडेच द्यावा. केलेली प्रत्येक दुरुस्ती लिहून ठेवावी, कारण पुढच्या घेणाऱ्याला ती सांगायची असते.

नोंदवहीत प्रत्येक नगासाठी कंपनी, कॅलिबर, लेबलाचा मजकूर ओळीनुसार जसाच्या तसा, लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये, वजन, काडतुसांची संख्या, बुडावरचा शिक्का, तारीख कोणत्या पुराव्यावरून ठरवली, कुणाकडून आणि कितीला घेतलं, हे सगळं असावं. क्रमांक आवरणावर लिहावा, खोक्यावर पेन्सिलीनंही नको. वजन दर वर्षी एकदा पुन्हा घ्यावं. ते बदललं असेल तर खोक्यानं ओल शोषली आहे किंवा शिसं क्षरू लागलं आहे, आणि डोळ्याला काही दिसण्याआधी ते काट्यावर कळतं.